‘ब्रेक फेल’ छापण्याआधी चाक उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. घाट उतरताना एक जुनी जीप रस्त्याच्या खाली गेली, ‘ब्रेक फेल झाल्याने’. कोणी दगावलं नाही, चालकाच्या हाताला मार लागला, गाडी क्रेनने काढली. अशी बातमी महिन्या-दोन महिन्यांनी असतेच, आणि ‘ब्रेक फेल’ म्हटलं की विषय संपतो. चूक चालकाची नाही, मालकाची नाही, मिस्त्रीची तर नाहीच नाही. वीज पडावी तसा ब्रेक फेल झाला.

मे २०२३ मध्ये माझ्या गाडीचाही ब्रेक असाच फेल झाला होता. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रीजवळ स्टुलावर बसून मी तो फेल झालेला ब्रेक सुटा होताना पाहिला. तेव्हापासून हा शब्द वाचला की गप्प बसवत नाही. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच तर माझ्या घरच्या गोष्टींना लावा, ब्रेकच्या कॅलिपरला लावू नका.

माझ्याकडे २००३ ची जिप्सी आहे, २००९ मध्ये सेकंडहँड घेतलेली. काटोल तालुक्यात आमची साडेतीन एकर संत्र्याची बाग आहे. डांबरी संपली की शेवटचे दोन किलोमीटर नुसती काळी माती. जुलैत तिथं ट्रॅक्टर जातो नाहीतर जिप्सी, तिसरं काही जात नाही. आमच्या ह्यांना गाडी येत नाही, ते शेजारी बसून सूचना देतात. चालवते मी. हिशोबाची वहीही मीच लिहिते. नोकरीत तीस वर्षं लेखा विभागात गेली, सवय सुटत नाही. पुढचे आकडे त्या वहीतले आहेत.

पेंचला नाहीतर ताडोबाला ज्या उघड्या गाडीत बसून लोक वाघ पाहतात, तीच ही गाडी. माझी फक्त टपाची आहे. मारुती कंपनीने ती १९८५ मध्ये आणली आणि २०१९ च्या सुमारास बंद केली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जिप्सी जुनीच. पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती कॅलिपर नावाच्या चिमट्यात धरणारा, मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. पाय दाबला तेवढा ब्रेक.

त्या दिवशी छिंदवाड्याहून भाचीच्या लग्नातून परत येत होतो. पाचजण, वर आहेराची भांडी. नागपूरकडे येताना सिल्लेवानीचा घाट लागतो, दोन्ही बाजूंनी जंगल. दुपारचे तीन. माझी चूक आधीच कबूल करते: पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मी नुसत्या ब्रेकवर उतरत होते. ही विद्या मला कोणी शिकवली आठवत नाही, पण आपल्याकडे निम्मे लोक तिला हुशारी समजतात. घाट अर्धा उतरल्यावर आमचे हे म्हणाले, ‘‘काहीतरी जळून राहिलं.’’ मी म्हटलं, धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवले असतील कोणी. मे महिना, शेतात धुरे जळतातच. पुढच्या वळणाला पाय ठेवला आणि पॅडल उशीत पाय रुतावा तसं खाली गेलं. परत दाबलं, परत खाली. तिसऱ्या-चौथ्या वेळेला थोडं काही लागलं. गिअर कसाबसा दुसऱ्यात घातला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या नालीत डावं चाक घातलं. आहेराची परात पुढे येऊन ह्यांच्या मानेला लागली, तेवढंच नुकसान.

उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकातून धूर. उजव्या चाकाला हात लावता येत होता, डाव्यावर बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्र झालं.

आता यातली गंमत पाहा. तासाभराने सौंसरहून एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. त्यानं पॅडल दाबलं, दोनदा दाबलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बाईला गाडी झेपत नाही. पॅडल टणक होतं. ‘‘ब्रेक तर चांगला आहे, काकू.’’ आणि खरंच चांगला होता, कारण तोवर सगळं गार झालं होतं. घरी आल्यावर शेजारणी म्हणाल्या, वाटेत जामसावळीचा हनुमान आहे, त्यानंच तारलं. तारलं असेल. गाडीही मारुतीचीच आहे.

पॅडल का बसलं आणि परत कसं उठलं, हे कळायला मला दीड महिना आणि दोन गॅरेज लागले. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात तेल नाहीच. पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ जसं पाणी धरतं तसं ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. माझ्या गाडीत ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं आहे, ही त्या ऑइलची प्रत. हे ऑइल कोरं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये, असा त्याचा नियम आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० अंशांवर येते. घाटात ब्रेकला तेवढी उष्णता सहज येते, आणि एखादं चाक आधीच घासत असेल तर विचारूच नका. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल खाली. गार झालं की वाफेचं परत ऑइल, पॅडल जागेवर. म्हणूनच अपघातानंतर दोन तासांनी कोणी पॅडल दाबून पाहिलं तर ब्रेक ‘ठीक’ निघतो, आणि चालक खोटा ठरतो. माझ्या वहीत ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद २०१६ ची होती. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. हे मी लिहिते आहे कारण इंजिन ऑइलच्या नोंदी त्याच वहीत वर्षातून दोनदा आहेत.

नागपुरात आल्यावर गाडी एका गॅरेजला दिली. नाव लिहीत नाही, पाटी मोठी आहे एवढंच सांगते. त्यांनी सांगितलं, दोन्ही कॅलिपर गेले, नवीन टाकावे लागतील. उघडून पाहिलं का, विचारलं, तर म्हणे, ‘‘आजकाल कोणी उघडत नाही काकू, सरळ बदलून टाकायचं.’’ बिल झालं ९,४०० रुपये. मी जुने कॅलिपर मागून घेतले. पोरानं कुरकुर केली, पण पैसे मोजलेला जुना पार्ट मी सोडत नाही. पोत्यात बांधून घरी आणले.

नव्या कॅलिपरचं पॅडल पहिल्या दिवसापासून स्पंजासारखं. परत नेली. एअर काढली. परत तेच. ऑइलची आणखी एक बाटली ओतून परत एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढली. तिसऱ्या बाटलीला मालक म्हणाले, ‘‘जुनी गाडी आहे, असंच लागणार. विकून टाका.’’ शिवाय ऑइल सांडून डाव्या मडगार्डचा रंग फुगून निघाला, तो वेगळाच.

मग कोणीतरी नागपुरातल्याच घाट रोडच्या मागच्या गल्लीतला म्हातारा मिस्त्री सुचवला. पाटी नाही, टिनाचं शेड. गाडी शेडमध्ये यायच्या आधीच, मी चाक वळवून ती रिव्हर्स घेत असताना, तो लांबूनच म्हणाला, ‘‘बाई, थे निपल खाली काऊन लटकून राहिलं?’’

संपादक महोदय, सगळा घोटाळा त्या एका वाक्यात होता. कॅलिपरला एअर काढायचं जे निपल असतं ते वरच्या अंगाला असावं लागतं, कारण हवा वर जाते. माझे कॅलिपर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवले होते. बोल्ट बसले, चाक फिरलं, सगळं बरोबर दिसत होतं. फक्त निपल खाली आलं आणि हवा वरच्या कोपऱ्यात कोंडून बसली. तीन काय, तीस बाटल्या ओतल्या असत्या तरी ती निघाली नसती. अर्ध्या तासात त्यानं बाजू बदलल्या, मला आत बसवलं. ‘दाबा, धरा, सोडा’ असं वीसेक वेळा झालं आणि पॅडल दगडासारखं टणक आलं.

मी पर्स काढली तर म्हणाला, थांबा. जॅकवर डावं चाक हाताने फिरवून पाहिलं. ब्रेक दाबून सोडल्यावर ते अडखळत होतं, उजवं मोकळं होतं. कॅलिपर नवा, तरी अडखळतं कसं? त्यानं डावं निपल जरासं सैल केलं. पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. ‘‘कॅलिपर नाही जी, पाइप,’’ म्हणाला. कॅलिपरला जोडलेला रबरी पाइप काढून त्यानं ब्लेडनं उभा चिरला आणि माझ्या हातात दिला. बाहेरून काळा, धडधाकट. आत मात्र रबर सुजलेलं, भोक शिवणाच्या सुईएवढं, आणि एक पापुद्रा सुटून पडद्यासारखा लोंबत होता. पायाच्या जोरानं ऑइल जात होतं, पण आपल्या आपण परत येत नव्हतं. म्हणून पाय काढला तरी डावा ब्रेक धरूनच राहायचा. नवा पाइप ३८० रुपये. दोन्ही बाजूंचे घातले, ७६०. ज्या दुखण्यासाठी ९,४०० दिले त्यातलं अर्धं दुखणं या पाइपात होतं, आणि मोठ्या गॅरेजनं तो जुनाच ठेवून दिला होता.

उरलेलं अर्धं पोत्यात होतं, पण ते उघडायला वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात नव्या कॅलिपरचं धूळ अडवणारं रबरी बूट फाटलं. खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतंच, तेव्हाच कळायला हवं होतं. मी पोतं घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. जुना पार्ट पाहून तो जेवढा खूश झाला तेवढं माझ्या घरी जावई आल्यावर कोणी होत नाही. ‘‘हे ओरिजिनल आहे बाई. हे फेकाचं नसते. किट आणा.’’

किट म्हणजे दोन सील, दोन बूट, पिनांची रबरं. घाट रोडवरच तीन दुकानांत तीन भाव, तिसऱ्या दुकानात ४२० ला मिळालं, खोक्यासकट आणि पक्क्या बिलासह. मग सकाळी दहापासून दीडपर्यंत मी स्टुलावर.

आधी कॅलिपर कसा चालतो ते सांगते, मलाही तेव्हाच कळलं. अडकित्त्यासारखा तो डिस्कला दोन्हीकडून धरतो, पण जिप्सीत पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबाने सरकणारा दट्ट्या, एकाच बाजूला असतो. पिस्टन आतलं पॅड, म्हणजे घासणारी पट्टी, डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅडही ओढून आणतो. त्या पिना मोकळ्या सरकल्या पाहिजेत. माझ्या डाव्या कॅलिपरची एक पिन त्यानं हातोडीनं ठोकून काढली. तिच्यावर काळ्या मातीची साल चढली होती, ग्रीस नावालाही नाही. बागेच्या नाल्यातून मी वर्षानुवर्षं गाडी घालते, ती माती फाटक्या रबरातून आत जाऊन शिजली होती. पॅडही पोत्यातच होते: बाहेरचं अर्धं शिल्लक, आतलं पत्र्यापर्यंत गेलेलं. ‘‘आतलं एकटंच राबलं,’’ म्हातारा म्हणाला. आमचे हे तेव्हा नेमके चहा प्यायला गेले होते.

पिस्टन हाताने निघत नाही. ऑइल यायच्या भोकाला त्यानं हवेची नळी लावली, पिस्टनसमोर लाकडाची फळी धरली आणि पोराला ओरडला, ‘‘बोट काढ बे!’’ फट्कन आवाज झाला, पिस्टन फळीवर आदळला. फळीला पडलेला गोल खड्डा त्यानं मला बोट लावून दाखवला. तिथं बोट असतं तर. पिस्टनमागून निघालं ते ऑइल म्हणवत नव्हतं. चहाचा गाळ आणि काजळ यांच्यामधलं काहीतरी.

पिस्टन लोखंडाचा, वर चकचकीत क्रोम. बुटाजवळच्या कडेला गंजाचे पाचसहा ठिपके. त्यानं नखानं एकेक चाचपला. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं पुसून परत नख फिरवलं. ठिपके सीलच्या जागेच्या बाहेर होते म्हणून पिस्टन चालवला. नख अडकलं असतं तर नवीन टाकायला लावला असता. दुसऱ्या कॅलिपरचा पिस्टन त्यानं बाद केलाच, तो वेगळा आणावा लागला.

मग सील. ही एक साधी रबरी रिंग, पण गोल दोऱ्यासारखी नाही, तिचे काठ चौकोनी असतात. कॅलिपरमध्ये तिच्यासाठी खाच असते. मला वाटायचं, ती ऑइल गळू नये म्हणून असते. तेवढंच नाही. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे जातो तेव्हा ही रिंग त्याच्यासोबत पिरगळते. पाय काढला की सरळ होते, आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पिस्टन मागे आणायला आत स्प्रिंग नाही, काही नाही, फक्त ही रिंग. माझ्या जुन्या कॅलिपरमधली त्यानं काढून टेबलावर टाकली तर बांगडीसारखी टक् वाजली, इतकी कडक. नवी रिंग दोन बोटांत धरून पिळली आणि सोडली. ती लगेच जागेवर आली. वीस वर्षांची रिंग पिस्टन ढकलू द्यायची, मागे ओढत नव्हती.

खाच त्यानं लाकडी काडीनं कोरून साफ केली, लोखंड लावू दिलं नाही. सगळं धुतलं ते ब्रेक ऑइलनंच. पोरगा सवयीनं पेट्रोलचा डबा घेऊन आला तर त्याला शिवी बसली, कारण पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं की ही रबरं फुगतात. पिनांना ट्यूबमधलं वेगळं ग्रीस, बोटाच्या पेरावर मावेल एवढंच. सील ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवली, पिस्टन तळहाताने सरळ दाबला, आणि तो हळूच, अजिबात न अडखळता आत गेला. सगळ्या कामात हा एक क्षण पाहण्यासारखा. म्हाताऱ्यानंही काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

मजुरी त्यानं ६०० सांगितली, मी ८०० दिले. किट, पिस्टन, पॅड, ऑइल धरून बिल २,९०० च्या आत बसलं. गाडीचं ॲव्हरेज, जे नऊवर आलं होतं, ते परत अकरावर गेलं. डावा ब्रेक धरून राहायचा म्हणून घाटाच्या आधी चार महिने ते घसरत होतं आणि मी वहीत दर महिन्याला इमाने-इतबारे लिहीत होते. स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, तेही लिहिलं होतं. पुढे कंसात ‘अलाइनमेंट?’

घाटाच्या आधी, फेब्रुवारी २०२३ मध्येच, गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० झाली होती, तेव्हा तीच लागू होती. तपासणीत चेसिस नंबर पाहिला, दिवे, हॉर्न, रिफ्लेक्टर पाहिले. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवायला एका चाकाला दोन मिनिटं लागतात. पाच हजारांत ती दोन मिनिटं बसत नव्हती का, एवढं संबंधितांनी सांगावं.

आणि आपल्याकडे माझं मागणं छोटं आहे. ‘ब्रेक फेल’ची बातमी आली की वार्ताहराने दोनच गोष्टी विचाराव्यात: ऑइल कधी बदललं होतं आणि चाक उघडून पाहिलं का. उत्तर मिळालं नाही तर ‘मिळालं नाही’ असं छापावं. गॅरेजवाल्यांनी जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, आणि ऑइल बदलल्याची तारीख डब्यावर लिहून द्यावी. माझ्या डब्यावर म्हाताऱ्यानं पांढऱ्या पेंटनं लिहिली आहे, अक्षर वाईट आहे पण वाचता येतं.

चिरलेला पाइप, कडक झालेली रिंग आणि आतलं पॅड मी स्टीलच्या डब्यात ठेवलं आहे. आपल्या वार्ताहराला फोटो काढायचा असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असते. येत्या रविवारी मात्र नाही, त्या दिवशी मागचे ड्रम उघडायचे ठरले आहेत.

आपली जुनी वाचक,
एक जिप्सीवाली, त्रिमूर्तीनगर, नागपूर